औषधाविना वेदनाशमन : संशोधनाचा हिशेब

स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया व्हावयाची होती अशा २०० स्त्रियांवर न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय महाविद्यालयात केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. या स्त्रियांची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटातील प्रत्येकीशी शस्त्रक्रियेपूर्वी मानसशास्त्रज्ञाने जास्तीत जास्त १५ मिनिटे संमोहनाच्या पद्धतीने संभाषण केले. अंग सैल सोडावयास सांगणे, एखादे सुखद दृश्य मनासमोर आणावयास लावणे, वेदना आणि मळमळ कमी होईल अशी सूचना देणे, एवढेच त्याचे स्वरूप होते. दुसऱ्या गटातील स्त्रियांशीही तितकाच वेळ सहानुभूतीने बोलणे झाले, पण सूचना कोणतीही दिली गेली नाही. पहिल्या गटास भुलीचे औषध कमी लागले. वेदना, मळमळ आणि थकवा यांची तक्रारही कमी राहिली. शिवाय शस्त्रक्रियागृहातील वेळ वाचल्यामुळे दर रुग्णामागे रुग्णालयाचा खर्च सुमारे ७७३ डॉलरांनी घटला.

खर्च घटवणारी आणि लाभ वाढवणारी वस्तू बाजारात आपोआप पसरते, असे अर्थशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक सांगते. या प्रयोगाला बरीच वर्षे लोटली, तरी संमोहनाची ही १५ मिनिटे जगातील रुग्णालयांच्या नित्यक्रमात शिरलेली नाहीत. तेव्हा एक तर प्रयोगात काही खोट असली पाहिजे, किंवा बाजारात तरी. वेदनाशमनाच्या औषधेतर मार्गांविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत जे संशोधन झाले, ते या प्रश्नाच्या उजेडात पाहिले म्हणजे त्यातील पुष्कळसा गुंता उलगडू लागतो.

जखम आणि वेदना

दुखापत जितकी मोठी तितकी वेदना मोठी, ही सर्वसामान्य समजूत. तिला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. १९४४ साली इटलीतील ॲन्झिओच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दोनशेहून अधिक गंभीर जखमी सैनिकांची विचारपूस केली. वेदनाशामक हवे का, या प्रश्नाला सुमारे तीनचतुर्थांश सैनिकांनी नकार दिला. युद्धानंतर त्याने शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांना तोच प्रश्न विचारला तेव्हा पाचांतील चारांहून अधिक जणांनी औषध मागितले. बीचरने काढलेला निष्कर्ष साधा होता. सैनिकाच्या लेखी जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका; नागरिकाच्या लेखी तीच जखम म्हणजे संकटाची सुरुवात. वेदनेची तीव्रता जखमेच्या आकाराइतकीच जखमेच्या अर्थावरही ठरते.

असे अनुभव त्यापूर्वीही नोंदले गेले होते, आणि त्यांतील एक तर आपल्याच देशातला आहे. १८४५ साली बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने मोहनिद्रेच्या साहाय्याने शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यास या पद्धतीचे प्रायोगिक रुग्णालयही उघडले. परंतु १८४७ साली क्लोरोफॉर्मच्या भुलीचा शोध जाहीर झाला आणि मोहनिद्रेची सद्दी संपली. क्लोरोफॉर्म कोणीही हुंगवावा आणि कोणीही झोपी जावे. मोहनिद्रेला मात्र तासन्‌तास खपणारा माणूस लागे. क्लोरोफॉर्मने ही स्पर्धा जिंकली ती गुणावर खरीच, पण मनुष्यबळाच्या हिशेबावरही जिंकली, हे विसरता येत नाही.

बीचरच्या निरीक्षणांना शास्त्रीय बैठक मिळाली ती १९६५ साली. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी ‘द्वार-नियंत्रणा’चा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते वेदनेचा संदेश मेंदूकडे सरळ धावत जात नाही. मेरुरज्जूत जणू एक दार असते. बारीक मज्जातंतू वेदनेची वार्ता घेऊन येतात तेव्हा ते उघडते, जाड तंतू स्पर्शाची वार्ता आणतात तेव्हा ते मिटू लागते, आणि वरून मेंदूही त्या दाराला आज्ञा करू शकतो. गुडघा आपटला की हात आपोआप तो चोळू लागतो, यामागील कारण या सिद्धांताने प्रथमच नीट सांगितले. त्यातील शरीररचनेचे काही तपशील पुढे दुरुस्त करावे लागले. परंतु मन, अवधान, भीती आणि स्पर्श यांना वेदनेच्या शास्त्रात जी जागा मिळाली ती कायमची.

१९७८ साली आणखी एक महत्त्वाची भर पडली. दाढ काढल्यानंतर नुसत्या लटक्या औषधाने ज्यांना आराम वाटतो, त्यांना नॅलोक्झोन टोचले तर तो आराम नाहीसा होतो, असे लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या संशोधकांना आढळले. नॅलोक्झोन हे अफूजन्य द्रव्यांचा प्रभाव पुसणारे औषध. याचा अर्थ, विश्वासाने मिळणारा आरामदेखील शरीरात तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांच्या द्वारेच मिळत असला पाहिजे. तेव्हापासून ‘हे सारे मनाचे खेळ’ या वाक्यातील तुच्छतेला शास्त्राचा आधार उरला नाही.

सुया, आसने आणि स्पर्श

पाया असा पक्का झाला, तरी त्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पद्धतीची स्वतंत्र परीक्षा होणे आवश्यक होतेच. या परीक्षांचे निकाल पद्धतीच्या समर्थकांना आणि टीकाकारांना सारखेच अडचणीत टाकणारे आहेत.

ॲक्युपंक्चरचे उदाहरण घ्यावे. १९७१ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सचे जेम्स रेस्टन यांची पेकिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. ती नेहमीच्या भुलीखाली झाली आणि सुया टोचल्या त्या नंतरच्या अस्वस्थतेवर. सांगणाऱ्यांनी मात्र पुढे सुयांवरच शस्त्रक्रिया झाल्याची कथा रचली. आपल्याकडे ही विद्या पोचली ती निराळ्या वाटेने. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासमवेत १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे ती चीनमध्ये शिकून कलकत्त्यास आणली. तिची खरी कसोटी लागली ती जर्मनीत. तेथील आरोग्यविमा निधींनी पैसा पुरवला आणि जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त ठिकाणी सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना लक्षणीय सुधारणा जाणवली. भलत्याच ठिकाणी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधे, व्यायाम इत्यादी प्रचलित उपचार घेणाऱ्यांपैकी अवघ्या २७.४ टक्क्यांना. म्हणजे चिनी शास्त्रातील बिंदूंचे माहात्म्य सिद्ध झाले नाही, आणि सुया टोचून घेणाऱ्याचा लाभही खोटा ठरला नाही. जर्मन विमायंत्रणेने व्यवहारी मार्ग पत्करला : कंबर आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी हा खर्च देण्याचा निर्णय तिने २००६ सालीच घेतला. कर्करोगाच्या संदर्भात पुरावा थोडा अधिक नेमका आहे. स्तनाच्या कर्करोगावरील संप्रेरकविरोधी गोळ्यांमुळे सांधे धरतात. अशा २२६ स्त्रियांवरील चाचणीत, २०१८ साली, खऱ्या सुया लटक्या सुयांपेक्षा सरस ठरल्या. फरक फार मोठा नव्हता, पण होता.

योगाभ्यासाविषयी अभिमान बाळगणाऱ्यांनी सिॲटलची चाचणी अवश्य पाहावी. कंबरदुखीच्या २२८ रुग्णांपैकी काहींना योगासनांच्या वर्गात, काहींना साध्या ताणाच्या व्यायामाच्या वर्गात घातले आणि काहींच्या हाती केवळ पुस्तक दिले. २०११ साली आलेल्या निकालानुसार दोन्ही वर्ग पुस्तकापेक्षा सरस ठरले. आसने आणि साधा व्यायाम यांत मात्र फरक आढळला नाही. यात योगाची मानहानी नाही. अंग नियमाने हलवावे, शिकवणारा समोर असावा, बरोबर चार माणसे असावीत, यातच गुणाचा मोठा वाटा दडलेला असावा.

ध्यानाची कथाही याच वळणाची आहे. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये, प्रचलित उपचारांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगतेचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे, आणि इगतपुरीच्या विपश्यनेशी परिचय असलेल्या मराठी वाचकास ते चटकन ओळखू येईल. वेदना घालवण्याचा हट्ट सोडून तिच्याकडे पाहावयास शिकणे, हा त्याचा गाभा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३४२ रुग्णांवरील चाचणीत सहा महिन्यांनी या अभ्यासक्रमातील सुमारे ६० टक्के रुग्णांच्या हालचालींत अर्थपूर्ण सुधारणा दिसली. विचार व वर्तन बदलण्याच्या मानसोपचाराने ५८ टक्क्यांत. आणि नेहमीचे उपचार चालू ठेवणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांत. चमत्कार म्हणावा असे यात काही नाही. शंभरांतील पंधरासोळा जणांना अधिक लाभ, इतकाच त्याचा अर्थ. पण जुनाट दुखण्यावरील पुष्कळ गोळ्यांची कामगिरी याहून फारशी उजळ नसते, हेही सांगितले पाहिजे.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र मर्दनाचा. कर्करोग शेवटच्या टप्प्यात पोचलेल्या ३८० रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवड्यांत सहा वेळा प्रशिक्षित व्यक्तीने मालीश केले. उरलेल्यांच्या अंगावर अप्रशिक्षित व्यक्तीने तितकाच वेळ नुसता हात ठेवला. दहाच्या मोजपट्टीवर लगेच मोजलेली वेदना पहिल्या गटात जवळजवळ दोन अंशांनी उतरली, तर दुसऱ्या गटात एका अंशाने. पुढच्या आठवड्यांपर्यंत टिकणारा फरक दोहोंत राहिला नाही. २००८ सालच्या या अहवालाकडे ‘मालिशचा परिणाम टिकत नाही’ असे म्हणून पाहता येईल. परंतु जो रुग्ण काही आठवड्यांचाच सोबती आहे त्याच्या बाबतीत ‘टिकणे’ या शब्दाचा अर्थ काय घ्यावयाचा? आणि कोणा अनोळखी माणसाने स्वस्थपणे ठेवलेल्या हातानेही एक अंश वेदना उतरते, ही गोष्ट कोणत्या रकान्यात लिहावयाची?

आशेची चढी किंमत

औषधेतर उपायांची खरी हानी त्यांच्या शत्रूंनी केली नाही, अतिउत्साही मित्रांनी केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड स्पीगेल यांनी १९८३ साली, स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या स्त्रियांना आठवड्यातून एकदा गटात बोलते केले आणि आत्मसंमोहन शिकवले तर त्यांची वेदना कमी होते, असे दाखवून दिले. तो निष्कर्ष भक्कम होता. पुढे १९८९ साली त्याच चाचणीतील ८६ स्त्रियांच्या आयुर्मानाचा हिशेब मांडला तेव्हा, गटातील स्त्रिया सरासरी ३६.६ महिने आणि इतर १८.९ महिने जगल्याचे दिसले. जगभर गाजावाजा झाला. मन खंबीर ठेवा म्हणजे कर्करोग हटेल, अशा उपदेशाला शास्त्राचे प्रशस्तिपत्र मिळाल्यासारखे झाले. २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा झाला. आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. २००७ साली स्वतः स्पीगेल यांनी केलेल्या फेरचाचणीतही एकंदरीने तसेच दिसले, आणि त्यांनी ते प्रांजळपणे प्रसिद्ध केले. कॅनडातील चाचणीत वेदना आणि मनःस्ताप मात्र पुन्हा कमी झाला होता, विशेषतः ज्या आरंभी अधिक त्रस्त होत्या त्यांचा.

आयुष्य वाढत नाही म्हणताच वर्तमानपत्रांचा रस संपला. वेदना कमी होते ही बातमी मागे पडली. ‘कर्करोगावर मात’ या मथळ्याला जी किंमत येते ती ‘रात्री झोप लागली’ या मथळ्याला येत नाही, आणि रुग्णाच्या डोक्यावर मात्र नवेच ओझे चढते : मन खंबीर ठेवले नाही म्हणून रोग बळावला, हा अपराधी भाव.

दोन देश, दोन हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. गोळीचे एकस्व घेता येते. १५ मिनिटांच्या संभाषणाचे घेता येत नाही. गोळीच्या चाचणीसाठी पैसा ओतणारी कंपनी तो विक्रीतून वसूल करते. व्यायामाच्या वर्गाची चाचणी कोणी करावी, तर सरकारने, विद्यापीठाने किंवा जर्मनीप्रमाणे विमा निधीने. लटकी गोळी बनवणे सोपे, लटके संमोहन कसे बनवावे हा पेच असतो. त्यामुळे चाचण्या लहान राहतात आणि शंकेला जागा उरते. वाचलेले ७७३ डॉलर रुग्णालयाच्या जमाखर्चात कोठेतरी विरून जातात, पण मानसशास्त्रज्ञाचा पगार दर महिन्याला ठळकपणे खर्ची पडतो. औषध भांडवलातून निर्माण होते, हे उपाय माणसाच्या वेळातून. आणि माणसाचा वेळ कारखान्यात स्वस्त करता येत नाही.

या विषमतेची किंमत अमेरिकेने मोजली. जुनाट वेदनेपायी उपचार आणि बुडालेले काम मिळून दरवर्षी ५६० ते ६३५ अब्ज डॉलरांचा भार पडतो, असा अंदाज तेथील वैद्यकसंस्थेने २०११ साली मांडला. ज्या दुखण्याला व्यायाम, समुपदेशन आणि वेळ द्यावयास हवा होता त्यावर अफूजन्य गोळ्या देणे सोपे आणि किफायतशीर होते. पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले. व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा तिच्या एका संलग्न कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला. २०२१ साली अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मेली, त्यांतील बहुतेक अफूजन्य द्रव्यांनी. औषधेतर उपायांच्या संशोधनाला तेथे जो जोर आला तो या आपत्तीमुळे. २०१६ साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने जुनाट वेदनेवर आधी औषधेतर उपाय योजावेत असे सुचवले, पण कर्करोगावरील चालू उपचार, उपशामक सेवा आणि अंतकाळची शुश्रूषा यांना त्यातून स्पष्टपणे वगळले. हे वगळणे महत्त्वाचे आहे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फिनची जागा ध्यान घेऊ शकते, असे कोणतेही जबाबदार संशोधन म्हणत नाही. २०२२ साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने ॲक्युपंक्चर, संमोहन, मालीश यांची शिफारस केली तीही विशिष्ट प्रसंगी आणि नेहमीच्या उपचारांच्या जोडीला.

हेच संशोधन भारतात वाचताना म्हणूनच सावध राहावयास हवे. अमेरिकेत ते अतिरेकावरचा उतारा आहे. येथे ते अभावावरचे पांघरूण ठरण्याचा धोका आहे. २०१७ साली लॅन्सेट आयोगाने प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार, उपशामक सेवेची गरज असलेल्या दर रुग्णामागे अमेरिकेत ५५ हजार मिलिग्रॅमहून अधिक मॉर्फिन वा तत्सम द्रव्य उपलब्ध होते. भारतात ४३ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या अवघे चार टक्के. आणि हा तो देश, जेथे मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमच येथे तिचे सरकारी कारखाने आहेत, आणि जेथून ती परदेशी औषधकंपन्यांना पुरवली गेली! १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि परवान्यांच्या जाळ्यापुढे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, पण तीस वर्षांत डॉक्टरांच्या ज्या पिढ्या मॉर्फिनला हात न लावता शिकून बाहेर पडल्या, त्यांची भीती राजपत्रातील सूचनेने जात नाही.

विदर्भ-मराठवाड्यातून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणारा रुग्ण, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा जवळच्या पदपथावर पथारी टाकणारे त्याचे आप्त, यांच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नाही. मुंबईत त्याला मॉर्फिन मिळेल. गावी परतल्यावर तालुक्याच्या औषधदुकानात ते मिळण्याची शाश्वती नाही. अशा माणसाला ‘श्वासाकडे लक्ष द्या’ असे सांगणे हे, त्यामागील शास्त्र कितीही खरे असले तरी, कर्तव्यातून अंग काढून घेणे होय. मॉर्फिन हाताशी असताना दिलेला तोच सल्ला मात्र उपचार ठरतो.

कारण गोळीने न जाणारी वेदनाही असतेच. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी तिला ‘समग्र वेदना’ असे नाव दिले होते : शरीराची, मनाची, नात्यागोत्यांची आणि पैशाच्या विवंचनेची एकत्र झालेली वेदना. मुलीचे शिक्षण सुटले, जमीन गहाण पडली, हे ज्याच्या डोक्यात रात्रभर घोळते त्याच्या हाडांतील कळ केवळ मिलिग्रॅमच्या मापाने मोजता येत नाही. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन हे देशातील पहिले शुश्रूषागृह निघाले ते याच जाणिवेतून.

माणसाचा वेळ महाग आहे ही अडचण केरळने सोडवली ती तो वेळ बाजाराबाहेरून आणून. १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक सेवेची संस्था सुरू केली. पुढे शेजारपाजारचे शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी यांना आठवड्यातून काही तास रुग्णांच्या घरी जाण्यासाठी तयार करण्यात आले. रुग्णाशी बोलणे, त्याला कुशीवर वळवणे, जखम कशी धुवावी हे घरच्यांना शिकवणे, मुलांच्या वह्यापुस्तकांची तजवीज पाहणे, हे त्यांचे काम. २००८ साली राज्य सरकारने या सेवेचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. या सगळ्याच्या जोडीला तोंडावाटे घ्यावयाचे मॉर्फिन होते, तेही घरी नेण्यासाठी दिले जाई. ते व्यसनींच्या हाती पडेल, ही सरकारी भीती कितपत खरी, याचीही नोंद संस्थेने ठेवली. दोन वर्षांत १७२३ रुग्णांना मॉर्फिन घरी देण्यात आले. २००१ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार, गैरवापराचा किंवा औषध बाहेर फुटल्याचा एकही प्रकार आढळला नाही.